मार्जिन कॅपिटल, बेल स्मॉल

माझ्या सासूबाईंना ऑफिसात मशीनगन म्हणायचे. टाइपरायटरवर त्यांचे हात सुरू झाले की पलीकडच्या खोलीतले साहेब उठून दार लावून घ्यायचे, आणि दार लावूनही काही उपयोग व्हायचा नाही, हे त्या स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगतात. पाठ ताठ, नजर कागदावर, बोटं आपली आपण पळताहेत. बटणांकडे बघून टाइप करणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. मी बघूनच टाइप करते. तेव्हा त्यांच्या दरबारात माझी जागा कुठली, हे वेगळं सांगायला नको.

निवृत्त झाल्यावर गप्प बसतील तर त्या सासूबाई कसल्या! त्यांनी लॅपटॉप घेतला आणि घरबसल्या लोकांचे भाडेकरार, मृत्युपत्रं, भाऊबंदकीच्या नोटिसा टाइप करून द्यायला सुरुवात केली. कुणाच्या मृत्युपत्रात काय आहे ते विचारलं, तर चहा पुढे करून विषय बदलणार. लोकांची गुपितं आपल्याकडे आहेत म्हणून त्यांनी लॅपटॉपला सगळ्यात आतलं कुलूपही घालून घेतलं. त्याला फर्मवेअर पासवर्ड म्हणतात, हे मला आत्ता आत्ता कळलं. हे कुलूप रोजच्या वापरात आड येत नाही. कुणी दुसरी डिस्क लावून मशीन सुरू करायला गेलं, की मात्र वाटेत उभं राहतं. त्यामुळे एकदा घातलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

पुढे त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या लेकीला दिला. तिने तो कॉलेजात इकडून तिकडे इतका आपटला, की डिस्कने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली, मशीन चालू केलं, तर पडद्यावर एक कुलपाचं चित्र आणि खाली रिकामी चौकट.

लेकीने तिथूनच आजीला फोन लावला. आजीने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मार्जिनबेल. इंग्रजीत, सगळं जोडून. मार्जिन कॅपिटल, बेल स्मॉल." टाइपरायटरवर ओळ मार्जिनपाशी आली की बेल वाजते, त्यावरून घेतलेला शब्द. त्यांच्याशिवाय कुणाला सुचणार?

लेकीने टाइप केलं. कुलूप ढिम्म. दुरुस्तीवाल्याने केलं, तरी ढिम्म. मधे जागा सोडून पाहिलं, शब्द उलटे करून पाहिले. खरेदीचं बिल असतं तर कंपनीने कुलूप काढून दिलं असतं, पण बिल कधीच रद्दीत गेलं होतं. "आजी विसरल्या असतील," दुरुस्तीवाला सहज म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आमच्या घरात 'विसरणं' हा शब्द म्हणजे काय आहे ते.

सासूबाईंची थोरली बहीण अशीच विसरत गेली होती. आधी नावं, मग रस्ते, मग माणसं. शेवटी ती सासूबाईंनाच "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारायची. माझ्या नवऱ्याने ते सगळं जवळून पाहिलं आहे. त्याने जी धास्ती घेतली ती घेतलीच. आई एकटी राहते, हे त्याला आधीपासून खुपत होतंच. एकदा तिच्याकडून दूध उतू गेलं, एकदा ती छत्री दुकानात ठेवून आली, तेवढ्यावर त्याने मनात खटला उभा केला होता. आता त्याला पुरावा मिळाला.

"आई, पुरे झालं आता एकटीने राहणं," तो त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला. "या महिनाअखेरीला आमच्याकडे यायचं. हे घर बंद करू."

"मी विसरलेले नाही."

"मग उघडत का नाही?"

ज्या बाईने आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही, ती ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. अगदी हळू म्हणाली, "असेल. दुसरंच काहीतरी ठेवलं असेन. ताईलासुद्धा असंच सगळं अगदी पक्कं आठवायचं."

माझा जीव कळवळला. मी काही आदर्श सून नाही. आमचं एका घरात पटायचं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच आमचं छान पटतं. पण त्या दिवशी मला माझी सोय आठवली नाही. मला त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती बघवेना. स्वतःवरचाच विश्वास उडालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

"एवढा निकाल लावायचाच असेल, तर आधी त्यांना स्वतःला टाइप करू दे," मी नवऱ्याला म्हणाले.

"तेच तर टाइप केलंय सगळ्यांनी!"

"सगळ्यांनी केलंय. त्यांनी कुठे केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. सासूबाईंनी काउंटरची उंची बघितली आणि नाक मुरडलं. "उभ्याने टाइप करतात का कधी? खुर्ची द्या. आणि हे खाली टेबलावर घ्या." भीती होती, पण मशीन समोर आल्यावर आवाजात ऑफिस आलंच. नवरा घड्याळ बघत दारात उभा राहिला.

त्या बसल्या. पाठ ताठ केली. बोटं जागेवर ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत धाडधाड टाइप केलं. चौकटीत ठिपके उमटले. एंटर असं हाणलं की टेबलावरचे स्क्रू उडाले.

कुलूप गेलं. डिस्कची यादी समोर आली.

दुरुस्तीवाल्याने तोंडातला स्क्रूड्रायव्हर काढून हातात घेतला. "आजी, काय टाइप केलंत?"

"मार्जिनबेल! किती वेळा सांगू? मार्जिन कॅपिटल, बेल स्मॉल."

"अहो, तेच तर आम्ही टाइप करत होतो! परत एकदा करा. हळू."

त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी आम्ही सगळे त्यांच्या बोटांवर वाकलो. डाव्या करंगळीने कॅप्स लॉक दाबला. मार्जिन टाइप झालं. मग त्याच करंगळीने शिफ्टला एक टिचकी मारली आणि बेल टाइप झालं. कुलूप पुन्हा गेलं.

"हे मधे शिफ्ट कशाला?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"कशाला म्हणजे? कॅपिटलचं लॉक सोडायला."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाइपरायटरवर शिफ्ट दाबली की लॉक सुटतो. कॉम्प्युटरवर तो शिफ्टने सुटत नाही, कॅप्स लॉकच पुन्हा दाबावा लागतो. एरवी पडद्यावर कॅपिटल दिसलं, की त्या चरफडत दुरुस्त करायच्या. पण इथे नुसते ठिपके! डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी जुन्या मशीनचं ऐकलं. पासवर्ड ठेवतानाही तसंच, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा टाइप करतानाही तसंच. म्हणजे बेलही कॅपिटलमध्येच गेली होती. आम्ही मात्र शहाण्यासारखं स्मॉल टाइप करत बसलो होतो.

दुरुस्तीवाला पोट धरून हसला. "आजी, हे कुलूप कुठल्या चोराच्या बापालाही उघडता आलं नसतं!"

मी टाळ्या वाजवल्या. अगदी दुकानात, चारचौघांत. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. मग खुर्ची वळवून त्यांनी लेकाला हाक मारली. "इकडे ये. मी विसरले नव्हते रे."

नवरा दारातून आत आला. तो त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसला. "हो आई," एवढंच म्हणाला. त्याचेही डोळे ओले झाले होते. भीती त्यालाही होतीच ना, कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त.

परत येताना गाडी नवराच चालवत होता. लॅपटॉप सासूबाईंच्या मांडीवर होता, नातीला स्वतःच्या हाताने द्यायचा म्हणून. आमच्या घराकडे वळायचा रस्ता आला, तशी त्याने गाडी हळू केली आणि जरा चाचरतच विचारलं, "मग आई... आमच्याकडे येण्याचं काय करायचं?"

"येईन की," त्या म्हणाल्या. "रविवारी जेवायला, नातीचा लॅपटॉप घेऊन. आणि संध्याकाळी मला माझ्या घरी आणून सोडायचं."

त्याने वाद घातला नाही. गाडी सरळ त्यांच्या घराकडे घेतली.