डाव्या बाहीतली गाठ

तीस वर्षं सिम्हाने त्सफात गावातल्या मेलेल्या ज्यूंचे कपडे शिवले, आणि एकाचंही माप फितीने घेतलं नाही. बाजारातून चाललेल्या माणसाच्या खांद्यांकडे ती एकदा बघायची, तेवढं पुरे असायचं. म्हणून तर ती समोर आली की ऑलिव्ह विकणारा अवराम टोपलीआड वाकायचा.

"तिया सिम्हा, माझ्याकडे नका हो असं बघू! अजून मुलीचं लग्न व्हायचंय."

"ऊठ रे. तुझ्या पोटाला पुरेल एवढं कापड अख्ख्या बैरूतमध्ये नाही. तुला मरणं परवडायचं नाही."

तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणणारी सगळी गल्ली हसायची. तुर्कांच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. खायला कमी होतं, हसायला कुणाची ना नव्हती.

दफनमंडळाची पेटी सिम्हाच्या घरी असे आणि किल्ली तिच्या गळ्यात. गावातले बरेच म्हातारे जिवंतपणीच आपलं कफन शिवून त्या पेटीत ठेवून देत. पांढरं सुती कापड, लांब टाके, खिसा नाही. आणि गाठ नाही. दोरा संपला की टोक तसंच मोकळं सोडायचं. का, ते इथली सात वर्षांची पोरगीसुद्धा सांगेल. माणूस एकपदरी नसतो. सगळ्यांत खालचा पदर नेफेश, तो हाडामांसाला धरून असतो आणि कबरीपाशी रेंगाळतो. त्यावर रुआख, वाऱ्यासारखा. त्याहून वर नेशामा, देवाने फुंकलेला श्वास, तो आपल्या घरी परत जातो. त्यावरही दोन पदर आहेत, पण ते आपल्याला मिळालेत असं शहाणा माणूस बोलत नाही. कफनात गाठ राहिली तर खालचा पदर सुटत नाही. माणूस मातीतच अडकतो.

हे सगळं सिम्हाने गावचे धर्मगुरू हाखाम रहामीम यांच्या तोंडून ऐकलं होतं. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दुपारी, सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर, बायकांच्या जाळीला नाक लावून. काय त्या म्हाताऱ्याचा आवाज! शेवटच्या बाकावरची बहिरी राशेलसुद्धा मान डोलवायची.

आणि त्याच आवाजात एकदा, सिनेगॉगच्या भर अंगणात, ते जोयाला म्हणाले होते, "बाई, तू शिवतेस तेव्हा तुझी नेशामा बोटांत उतरते."

जोया म्हणजे पेटीसाठी शिवणारी दुसरी बाई. सिम्हाहून दहा वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, शिवताना गुणगुणणारी. सिम्हा तिच्या शेजारीच उभी होती. हाखाम तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझा टाका सरळ असतो, सिम्हा."

सरळ! गाढवही सरळ चालतं. त्या दिवसापासून सिम्हाला जोयाचं काहीच बघवेना. तिचं गुणगुणणं, तिचे चीज भरलेले बुरेकास, तिच्या खिडकीतली तुळसदेखील. आपल्याला एकच पदर मिळाला आणि हिला तीन? हिने असं काय केलं? चाळिशीत दोन मुलं पुरून सुई धरली ती आपण!

पुरीमच्या सणानंतर हाखामांनी आपलं कफन शिवायला दिलं. जोयाला.

जोयाने ते आणून सिम्हाच्या हातात ठेवलं. "तिया, एकदा नजर घाला. तुमच्यासारखा सरळ टाका मला जमत नाही."

"ठेव तिकडे," सिम्हा म्हणाली.

जोया गेल्यावर तिने दार लावलं. कफन मांडीवर घेतलं. एक चूक सापडावी म्हणून शिवण न् शिवण पाहिली. सापडली नाही. मग डाव्या बाहीच्या आत, काखेपाशी, तिने मोकळं टोक बोटात धरलं आणि गाठ मारली. राळ्याच्या दाण्याएवढी.

मंडळाचा मुख्य शबताय मोठा किरकिऱ्या होता. पेटीतून निघालेलं प्रत्येक कफन तो बोटांनी चाचपायचा. तो ही गाठ शोधणार, चारचौघांत जोयाचं नाव घेणार, आणि दुसरं कफन रातोरात नव्हे, तासाभरात सिम्हा शिवणार. हाखामांना शेवटी सिम्हाचाच टाका लागणार.

हाखाम गेले ते नेमके शुक्रवारी सकाळी. सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत माती द्यायला हवी. गल्लीतल्या भट्टीत रात्रभर शिजायच्या हमीनची भांडी जात होती, बायका एकीकडे रडत होत्या, एकीकडे निखारे ओढत होत्या. शबताय धापा टाकत आला. सिम्हाने पेटी उघडून कफन पुढे केलं.

"जोयाने शिवलंय ना?"

"हो. बघून घे."

"जोयाचं शिवण, त्यात बघायचं काय?" त्याने कफन काखेत मारलं आणि निघालासुद्धा.

सिम्हा उंबऱ्यावर उभी राहिली. जळली ती आधी यावरच, की आपली कफनं हा मेला तीस वर्षं चाचपतोय. मग तिला गाठ आठवली.

हाखामांची तिरडी अंगणाबाहेर आली तेव्हा ऊन मेरोनच्या डोंगराकडे कललं होतं. बायका पायऱ्यांपाशी थांबल्या, पुढे पुरुषांनी जायचं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो लहानखुरा देह सिम्हासमोरून निघाला. तो आवाज आता मातीत अडकणार, आणि आपल्या दोन बोटांमुळे.

"थांबा!"

"वेड लागलं का, तिया?" शबताय ओरडला. "सूर्य बघा कुठे आलाय!"

"डाव्या बाहीत गाठ आहे. काखेपाशी. जोयाची नाही. मी मारलीय."

भट्टीवाल्याच्या हातातलं फावडंसुद्धा थबकलं. पुरुषांनी तिरडी पुन्हा आत नेली, दार लावलं. बाहेर कुणी सिम्हाजवळ उभं राहीना. खूप वेळाने शबताय आला, दोऱ्याचं चुरगळलेलं टोक तिच्यासमोर धरलं आणि म्हणाला, "किल्ली द्या."

सिम्हाने गळ्यातली दोरी काढली. तीस वर्षांत पहिल्यांदा मान हलकी झाली, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

रविवारी दार वाजलं. जोया होती. एका हातात पांढऱ्या कापडाचा तागा, दुसऱ्यात तीच किल्ली.

"शबतायशी भांडून आणलीय," ती म्हणाली. "आणि हे कापड माझं. माझं कफन तुम्ही शिवा."

"मी? शुद्धीवर आहेस ना, बाई?"

"इतर कुणी गाठ मारली तर सांगणार नाही, तिया. तुम्ही सांगाल."

जोया गुणगुणत पायऱ्या उतरून गेली. सिम्हा तिच्या पाठीकडे बघत राहिली. खांदे किती रुंद, ते आपोआप मनात टिपलं गेलं. आणि छातीत पुन्हा तोच जुना जाळ उठला. एवढं मोठं मनसुद्धा हिलाच दिलं!

ती खिडकीशी बसली, सुईत दोरा ओवला. दिवसभर जळत राहिली आणि दिवसभर शिवत राहिली. दोरा संपला की टोक मोकळं सोडायची, बोटाने चाचपायची, मग पुढचा दोरा घ्यायची.