फळीची मागची बाजू पाहणारे आप्पा

आप्पा सुतारांची आणि माझी पहिली भेट साताऱ्याच्या पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला पंधरा-वीस माणसांसमोर खोटं पाडलं. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण आप्पांच्या पंचाहत्तरीला लिहायचं तर खरंच लिहायला हवं, आणि खरं हे की गेली पंचवीस वर्षं मी या गृहस्थांचा मत्सर करत आलो आहे.

मी सांगलीत वास्तुविशारद म्हणून काम करतो. जुन्या पेठांतली दुकानं आणि बँका आतून कशा होत्या, कशा बदलत गेल्या, हा माझ्या आवडीचा विषय. त्या दिवशी काही हौशी मंडळींना मी ते दुकान दाखवत होतो. वर तिन्ही भिंतींना लागून लाकडी गॅलरी होती आणि तिच्यावर हंडे, कळश्या, परातींची उतरंड. मी म्हणालो, "ही गॅलरी दुकानाइतकीच जुनी आहे."

मागून आवाज आला, "न्हाई साहेब. गॅलरी मागनं आली."

पांढरा सदरा, पायजमा, कानावर पेन्सिल. दुकानातलं एक कपाट दुरुस्त करायला आलेले सुतार असावेत, असं मला वाटलं, आणि ते खरंच तेवढ्यासाठी आले होते. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "कशावरून?"

"भिंतीचा निळा रंग बघा की. गॅलरीच्या फळीमागं बी त्योच हाय. गॅलरी आदीपासनं असती, तर रंगाऱ्याचा हात तिथवर गेला असता व्हय?"

मंडळी शिडीवर चढून बॅटरीच्या उजेडात पाहू लागली. निळा रंग होता. गल्ल्यावरचे मालकही हसत म्हणाले, "आप्पा बरोबर बोलत्यात. आमच्या वडलांनी घातली ती." मी विषय बदलला. बाहेर पडलो तर आप्पा माझ्यामागून आले. "साहेब, चारचौघांत बोलायला नको व्हतं म्या. ऱ्हावलं न्हाई." माफी मागून त्यांनी मला त्यांच्यावर रागवायचीही सोय ठेवली नाही.

आप्पा मूळचे रहिमतपूरचे. वडिलांच्या हाताखाली रंधा धरायला शिकले आणि पुढं पन्नासएक वर्षं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुकानांचं, बँकांचं फर्निचर करत राहिले. ज्या दुकानातली गादी आणि तक्के काढून त्यांनी लाकडी काउंटर बसवला, त्याच दुकानात पुढं त्यांनी त्यावर सनमायका चढवला, आणि आणखी काही वर्षांनी तोही काढून काचेची शोकेस केली. दरवेळी मोडायच्या आधी ते शाळेच्या चौकटीच्या वहीत सगळं मापासकट काढून ठेवत. कोणी केलं, लाकूड कुठलं, गिऱ्हाईक कुठं बसायचं, हेही खाली लिहीत. "काउंटर आला आन् गिऱ्हाईक बसायचं बंद झालं," असं एका पानावर आहे. महापुराचं पाणी शिरणाऱ्या सांगलीच्या पेठेत दुकानदार खालचे दोन खण रिकामे का ठेवू लागले, मग भिंतींना छातीपर्यंत फरशी का आली, हे मी आप्पांच्या वह्यांतून शिकलो. मी पदवी घेतली, परिसंवादांत निबंध वाचले, पण हे मला सुचलं नव्हतं. वही मिटताना मला पहिल्यांदा वाटलं ते कौतुक नव्हतं. हे माझ्या हातून का झालं नाही, असं वाटलं होतं.

आप्पांनी कधी कुणाला "जुनं तसंच ठेवा" म्हणून सांगितलं नाही. ते दुकानदाराला म्हणत, "बदला की, खुशाल बदला. धंदा तुमाला करायचा हाय. फकस्त मोडायच्या आदी मला एकदा बघू द्या." मी मात्र संध्याकाळी जतनावर व्याख्यान द्यायचो आणि सकाळी कुठल्यातरी जुन्या दुकानाचं छत काढून फॉल्स सीलिंग घालायचो. पेठेत मी गेलो की मालक पुढं प्लास्टिकची खुर्ची सरकवत, "बोला साहेब" म्हणत. आप्पा गेले की त्यांना आत नेत, माळ्यावरचे जुने फोटो काढून दाखवत, जेवूनच जा म्हणत. एकदा मी नुसता आप्पांबरोबर आहे एवढ्यावर मलाही जेवायला बसवलं. मी एकच पोळी खाऊन उठलो.

आता जे लिहायचं ते या लेखात नसतं तरी चाललं असतं. पण त्याशिवाय आप्पा कोण आहेत ते कळायचं नाही.

सतरा वर्षांपूर्वी सांगलीच्या पेठेतल्या एका सहकारी बँकेचं आतलं काम मला मिळालं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण यात दोष बँकेचा नव्हता, माझा होता. आत रोखपालाचा जाळीचा पिंजरा होता आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी काउंटर. सगळं काढून ग्रॅनाइट घालायचं ठरलं होतं. आप्पांना कळलं तसे ते माझ्या ऑफिसात आले.

"साहेब, तीन दिस द्या. सोमवारपासनं मी मोकळा हाय."

तोडकाम शुक्रवारी सुरू होणार होतं. ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "या सोमवारी. तोवर काही हलत नाही."

असं मी का केलं, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. त्यातलं खरं एकच: तो काउंटर त्यांच्या वहीत जायला नको होता. तो माझा होता.

सोमवारी आप्पा यायच्या वेळी मी मुद्दाम तिथं गेलो. आप्पा रिकाम्या हॉलमध्ये उभे होते. फरशीवर काउंटरच्या जागेचा फिकट पट्टा तेवढा उरला होता. मग मला म्हणाले, "लाकूड कुठं गेलं?"

"मिरज रस्त्याच्या वखारीत."

"बरं," म्हणाले आणि सायकल काढून गेले.

त्या वखारीत आप्पा आठ दिवस बसले. एकेक फळी शोधून, पुसून, मापून, जमिनीवर जोडून त्यांनी आख्खा काउंटर पुन्हा मांडला. आणि फळ्या उलट्या केल्या तेव्हा मागच्या बाजूला, कडेला, त्यांना बारीक पितळी खिळे दिसले. ठरावीक अंतरावर, ओळीनं. कापड दुकानात कापड मोजायला काउंटरवर मारतात तसे. ही बँक पेठेतल्या व्यापाऱ्यांनी एका कापड दुकानात सुरू केली होती, असं म्हातारी माणसं सांगत. पण त्याला पुरावा नव्हता. पुरावा एवढी वर्षं लोकांच्या हाताखाली पालथा पडला होता.

पुढं साताऱ्याच्या एका वाचनालयात आप्पांनी यावर भाषण केलं. आयुष्यातलं पहिलंच. बरोबर एक फळी आणली होती. तिच्यावर त्यांनी कापड मोजायचा जुना लोखंडी गज ठेवला. दोन्ही टोकं बरोबर खिळ्यांवर बसली. मग बँकेचे एक निवृत्त रोखपाल, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत मंचावर गेले आणि खिळ्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "उभी नोकरी मी हिच्यावर हात ठेवून बसलो, आणि मला पत्ता नाही."

टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होतो, हात दुखेपर्यंत. आणि मला कळत होतं की मी आप्पांना खरा दिवस सांगितला असता, तर त्यांनी उभ्या काउंटरची पुढची बाजू काढून नेली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. ते खिळे माझ्या खोटेपणानं त्यांच्या हाती दिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते पश्चात्तापामुळं होतं, असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आप्पा भेटायला आले, पलंगाकडे एकदा बघून गेले, आणि चार दिवसांत पलंगावर आडवं सरकणारं टेबल घेऊन हजर. माप घेतलं नव्हतं, तरी सुतभर फरक नव्हता. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "वैनींनी च्या दिला की." पुढं घरात कुठलंही दार कुरकुरलं की पत्नी म्हणे, "आप्पांना बोलवा." तीस वर्षं तिच्या घरात एक वास्तुविशारद राहतो, हे ती विसरून गेली होती.

गेल्या वर्षी त्याच बँकेनं पुन्हा आतून बदल करायचं ठरवलं. म्हणजे आता मी केलेलं काम काढून टाकणार होते. मला बँकेनं कळवलंही नव्हतं. आप्पांचा फोन आला. "साहेब, तुमचं काम निघतंय. उद्या मापं घेतो. या तुमी बी."

गेलो. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. आप्पा गुडघ्यावर बसून माझ्या ग्रॅनाइटच्या काउंटरची उंची घेत होते. हॉलची मापं ताडून पाहायला त्यांनी सतरा वर्षांपूर्वीची वहीही आणली होती. शेवटच्या खिडकीपाशी ते थांबले. "ही खिडकी फूटभर खाली कशापायी घेतलीसा?"

मी विसरलो होतो. मग आठवलं. तीनचाकी सायकलवरून एक गृहस्थ बँकेत येत. काउंटर त्यांच्या डोक्याच्या वर यायचा. नकाशात ते मी आपण होऊन केलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं.

"कड बघा," आप्पा म्हणाले. "हात घासून घासून गुळगुळीत झालीया. वापरलीया लोकांनी."

तिथं मला बोलावंच लागलं. म्हणालो, "आप्पा, तेव्हा तो जुना काउंटर शुक्रवारीच निघणार होता. मला माहीत होतं."

"मला बी म्हाईत हाय. वखारवाल्यानं त्याच दिशी सांगितलं. माल शनवारीच आल्ता."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. लय आला. वरीसभर तुमच्या हापिसाच्या गल्लीत पाऊल टाकलं न्हाई म्या."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बोललो असतो तर तुमी परत खोटं बोलला असता. मग मला तुमच्या घरची पायरी चढता आली नसती. ऱ्हाऊ द्या आता. ह्या खिडकीचं माप सांगतो, लिवा."

त्यांनी दोन्ही वह्या माझ्या हातात दिल्या. मी आधी जुनी वही उघडली. त्या सोमवारच्या पानावर तीनच ओळी होत्या: "बँकेत पोचलो. हॉल मोकळा. मापं वखारीत घेतली." माझं नाव कुठंच नव्हतं. मग नव्या वहीत मी मापं लिहिली, आणि खिडकीच्या चित्राखाली आप्पांनी स्वतः वाकून लिहिलं: "ही खिडकी बसून येणाऱ्या माणसांसाठी खाली घेतलेली. कुणी न सांगता." आणि पुढं माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

माझा मत्सर त्या दिवशी गेला, असं लिहिलं तर आप्पाच ते खोडतील. तो आहे. पण आता मेढ्याला एखादं जुनं औषधाचं दुकान मोडणार आहेत म्हणून त्यांचा निरोप आला की मी हातातलं काम टाकून निघतो.

आप्पांच्या गुडघ्यांना आणि नजरेला असंच बळ राहो. शंभरी गाठेपर्यंत त्यांनी पेठापेठांतल्या फळ्या उलट्या करून पाहाव्यात, आणि मला हेवा वाटावा असं काहीतरी त्यांना दरवर्षी सापडत राहो, एवढंच माझं मनापासूनचं मागणं.