मटकीची ऊब

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मटकीला मोड आणायला घेतले. दिवसभर भिजवली, निथळली आणि मोठ्या हौसेनं घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आला. दाणे बुळबुळीत झाले होते आणि मोडाचा पत्ता नव्हता.

फोनवर सांगितलं तर बायको हसतच सुटली. "अहो, तीस वर्षं पोरांना श्वसन शिकवलंत ना? मग त्या मटकीला श्वास नको का घ्यायला? कपाटात माझ्या जुन्या पातळाचं फडकं आहे, त्यात बांधा."

पुन्हा नवी मटकी भिजवून तशी बांधली. आज सकाळी पुरचुंडी हातात घेतली तर ती चक्क कोमट होती. जवळपास ना शेगडी, ना ऊन. ते मूठभर दाणे पोटातली शिदोरी हवेच्या मदतीनं हळूहळू जाळत होते. त्या बळावर मोड फुटत होते आणि उरलेली ऊब फडक्याबाहेर झिरपत होती. कुठलाही जीव मन लावून कामाला लागला की आसपासच्यांना थोडी ऊब मिळतेच, मग त्यांच्या ते लक्षात येवो न येवो.

'श्वसनात उष्णता बाहेर पडते' या वाक्याला मी जन्मभर एक गुण देत आलो. तळहाताला ते आज कळलं.

मोड चांगले लांब आले होते. तरी पुरचुंडी सोडवेना. बायको लेकीकडे गेल्यापासून घरात एवढं उबदार काही हाताला लागलंच नव्हतं.