गावदेवीच्या पेटीतला पासवर्ड

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या भगीरथला २००२ साली अवदसा आठवली आणि त्याने आपल्या वेळूखिंड गावाची वेबसाइट काढली. गावामागच्या गडावर चढायला येणारी मुंबईची पोरं ती बघून फोन करायची आणि त्याची चुलती सकुबाई हिच्याकडे जेवण सांगून ठेवायची. बाई विधवा, पदरात दोन पोरी. तिचं घर त्या फोनांवर चालायचं, म्हणून भगीरथ त्या वेबसाइटच्या नावाला जिवापाड जपायचा.

पण गावाला बघवतंय होय! वेळूखिंड डॉट कॉम हे नाव एकट्या भगीरथच्या नावावर आहे, असं कुणीतरी नवसू पाटलाच्या कानावर घातलं. झालं, देवळात बैठक बसली.

“गावाचं नाव एकल्याच्या मालकीचं कसं रे?” नवसू गरजला. “गाव काय तुझ्या बापाचा हाय?”

“काका, तिथं कोना एकाचं नाव लावावंच लागतं. मी नसतं घेतलं तर कोन परका पन घेईल.”

“परका कशाला घेतोय आपलं नाव? येड लागलंय त्याला?”

सगळे खो खो हसले. भगीरथच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सांगणार कुणाला? पंचांनी निकाल दिला, नाव कुणाचंच नाही, गावदेवीचं. भगीरथला त्याच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्या नावाचं खातं उघडायला लावलं, मग पाठ फिरवून उभं केलं आणि नवसूच्या नातवाकडून नवा ईमेल, नवा पासवर्ड टाकून घेतला. तो कागदावर लिहून, हळदकुंकू वाहून, देवीच्या चांदीच्या डोळ्यांशेजारी पेटीत ठेवला. आणि पेटी उघडायची फक्त चैत्रातल्या जत्रेला. नातू बहाद्दर, दुसऱ्या दिवशी सगळं विसरला!

नावाची मुदत मार्गशीर्षात संपत होती. भगीरथने नवसूचा उंबरठा झिजवला.

“काका, वर्सातून एकदा नाव पुन्हा लावून घ्यायला लागतं. पासवर्ड द्या. दोन मिनटांचं काम हाय.”

“देवीची पेटी मधीच उघडायची? गावावर काय आलं तर तू निस्तरशील?”

“अवो, नाव जाईल हातचं!”

“देवीच्या पेटीतून काय जात नाय.”

कपाळ! या माणसांपुढे बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. नाव गेलं. फाल्गुनात बंगल्यांसाठी प्लॉट विकणाऱ्या कुण्या परक्याने ते उचललं. सकुबाईचा फोन मुका झाला.

चैत्रात वाजतगाजत पेटी उघडली. नवसूने कागद दोन्ही हातांनी भगीरथच्या ओंजळीत ठेवला, वर मानभावीपणे म्हणाला, “घे, बघ, जसाच्या तसा हाय.” भगीरथने कागद तसाच खिशात कोंबला. बोलला असता तर देवीसमोर तोंडातून भलतंच निघालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून त्या प्लॉटवाल्याच्या नव्या वेबसाइटवरचा नंबर फिरवला. म्हटलं, हातापाया पडू, नाव परत मागू, निदान चुलतीचा नंबर तरी तिथे टाकायला सांगू. पलीकडे एका मुलीने गोड आवाजात उचललं.

“नमस्कार, वेळूखिंड! आपण कुठून बोलताय, सर?”

भगीरथचे आजे-पणजे ज्या मातीत गेले, तिचं नाव ती पोरगी सांगत होती.

“मुरबाडवरून,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.