सतरा आडवा

शांतीशेठ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मंचरच्या बाजारात चहा पीत, त्याला कसं हरवलं ते चौथ्यांदा रंगवून सांगत होतो. खोटं कशाला बोलू... बातमी ऐकून आधी मनात आलं, आता हा परतफेड करायला यायचा नाही. मग चहा अर्धा टाकून उठलो.

नारायणगावात त्याचं कापडाचं दुकान. दहावी नापास माणूस. मी अवसरीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेलं. दोघांनाही हाताने शब्दकोडी रचायचा नाद; पण त्याची दर रविवारी पेपरात नावासकट छापून यायची अन् माझी साभार परत. "मास्तर, त्ये कोडीवालं शेठ तुमचं दोस्त ना?" असं कुणी विचारलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याला ना शब्दकोश लागायचा ना शांतता. गिऱ्हाईक साड्या उलथ्यापालथ्या करत असताना हा गल्ल्यावर बसून, चौकटीच्या वहीत चार अक्षरं भरून मोकळा!

माझं कोडं पुढ्यात आलं की तो आधी कागद उलटा धरायचा. वरची काळी घरं खालच्यांशी जुळतात का, ते बघायचा. "काळी घरं नीट बसली पायजेत, मास्तर. शब्द काय, सापडत्यात." मग एक चहा संपेस्तोवर माझी आठवड्याची मेहनत सोडवून हातात. हा एकदा तरी अडकावा, एवढीच माझी इच्छा होती. बायको म्हणायची, "अहो, मैतर हाय का वैरी?" मला तरी कुठं ठाऊक होतं?

शेवटी तो अंथरुणाला खिळला, तरी मी कोडं धाडलंच. चार दिवसांनी फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "हरलो राव. सतरा आडवा काय जमंना. लई अवघड घातलंत." तब्येत कशी आहे, एवढंही मी विचारलं नाही. अर्धा किलो पेढे वाटले.

तो गेल्यावर घरी भेटायला गेलो, तर त्याच्या बायकोने, भाभींनी, तोच कागद हातात दिला. "फोन ठेवून हसत व्हते," म्हणाल्या, "मास्तर आज खूश झालं म्हणून." मी सतरा आडवा पाहिला. चार अक्षरी उत्तर त्याच्या बारीक अक्षरात बरोबर लिहिलेलं होतं, अन् पुढचं पाचवं घर रिकामं. ते घर काळं असायला हवं होतं. कोडं पक्कं उतरवताना रंगवायचं मीच विसरलो होतो. त्याने ते पेन्सिलीने काळं करून पुन्हा खोडरबराने खोडलं होतं. पुसट रेघोट्या दिसत होत्या.

रडू आलंच, पण त्याआधी राग आला. मरता मरताही हाच वरचढ! इतकं मोठं मन याला कुठून मिळालं अन् मला का नाही, याचाही हेवा वाटला... अजूनही वाटतो.

बाजारात परवा पुन्हा कुणीतरी म्हणालं, "मास्तर, शेठला हरवलं ते सांगा की." मी सांगितलं. अगदी पहिल्यासारखं रंगवून सांगितलं. हे छापून आलं की ते सांगता येणार नाही, म्हणून लिहून पाठवतोय.