हंबीररावांनी बघितलं का?

हातात किटली घेऊन चहावाली बायडाबाई फौंड्रीच्या लॅबच्या दाराशी आली आणि तिथंच थांबली. आत कॉम्प्युटरवरनं जुंपली होती.

"तुझ्या डब्याला डोळं हायती व्हय रं चमन्या?" हा आवाज हंबीररावांचा. कोडोलीचा गडी, शिरोली एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीत वीस वर्षं भट्टी सांभाळलेला. तापल्या लोखंडाच्या रसाचा रंग बघून त्यात काय कमी पडलंय ते सांगायचा.

"डोळं न्हाईत मामा, गणित हाय." हा चमन मुजावर, लॅबमधला नवा असिस्टंट. पंचविशी नुकती ओलांडलेला.

"मग इचार की तुझ्या गणिताला, भायेर पडलंय ते भंगार ओलं हाय का कोरडं? ओलं भंगार रसात गेलं की वाफ हुती आणि सगळा रस उडून अंगावर येतोय. तवा तुझा डबा पळंल, का मी?"

"तुमीच सांगा. तुमी सांगाल तसं मी त्यात घालतो."

"म्हंजे अक्कल माझी आणि नाव डब्याचं! उद्या म्हणशील, मामा, तुमी म्हशी राखा, भट्टी डबा बघतोय."

तोवर चहा गार झाला. बायडाबाईनं तो माघारी नेऊन तापवला आणि दोघांना तोच पाजला. भांडून आलेल्या माणसाला चव कळत नाही, एवढं तिला घरूनच ठाऊक होतं.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. त्या रस्त्यावर तेव्हा दुसऱ्या कुणाकडं कॉम्प्युटर नव्हता. मालकानं पत्रं टाइप करायला आणलेला, त्यावर चमननं भट्टीचा प्रोग्रॅम लिहिला. शिकवायला कोणी नाही. सदर बाजारातनं सायकलवर यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत एक फाटकं पुस्तक उघडून बसायचा. भंगार किती, नवं लोखंड किती, सिलिकॉन किती, हे तो प्रोग्रॅम काढायचा आणि कागद छापून द्यायचा. कागद आला की भट्टी भरायची.

टेबलावरच्या भिंतीला त्यानं दोन बायकांची चित्रं चिकटवली होती. बायडाबाई रोज त्यांच्यावरची काजळी पुसायची. एकदा न राहवून तिनं विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या? तुमच्यात फोटू लावत न्हाईत म्हणं."

"माझ्या उस्ताद हायत आक्का. ही एडा लव्हलेस. यंत्र तयार व्हायच्या आधीच हिनं त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिवून ठेवला."

"जेवणारा न्हाई आणि ताट वाढलं?"

"तसंच समजा की. आणि ही ग्रेस हॉपर. माणसाच्या शब्दांत सांगितलेलं यंत्राला कळावं, म्हणून ही झटली."

"मालकाला कळंल असं बी कायतरी काढ म्हणावं," बायडाबाई म्हणाली आणि दुसऱ्या बाईचा चेहरा जरा जास्तच घासून पुसला.

भांडणानंतर तिसऱ्या दिवशी चमननं हंबीररावांना हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. सगळे आकडे भरून झाले, पण कागद निघेना. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली: हंबीररावांनी बघितलं का? खाली 'व्हय' लिहिल्याशिवाय यंत्र पुढं सरकत नव्हतं.

"आणि मी न्हाई म्हटलं तर?"

"तर आज भट्टी बंद. मालक आला तरी कागद निघायचा न्हाई."

हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला. "आता तुझा डबा जरा शाना झाला," म्हणाले, आणि उठून भंगाराच्या ढिगाकडं गेले.

पुढं ते निवृत्त झाले, मग वारलेही. ओळ तशीच राहिली. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, हंबीरराव म्हणजे पासवर्ड. धाकटे मालक म्हणाले, मेलेल्या माणसाचं नाव कशाला, काढून टाक. चमन म्हणाला, "नाव हाय म्हणून माणूस उठून बघायला जातोय. नाव गेलं की कोण उठणार?" तो स्वतःच उठायचा. रोज सकाळी ढिगात हात घालून यायचा आणि मगच 'व्हय' लिहायचा. एका पावसाळ्यात दुसरीकडच्या एका भट्टीत ओलं भंगार गेलं आणि दोन माणसं भाजली. त्यानंतर धाकट्या मालकांनी तो विषय काढला नाही.

बत्तीस वर्षं गेली. चमन आता चमनभाई झाला, वयाची अठ्ठावन्न भरली, निवृत्ती जवळ आली. त्याच महिन्यात पुण्याहून नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते बसवायला निशिगंधा नावाची इंजिनियर आली. पोरगी गुणाची, बायडाबाईला मावशी म्हणायची, स्वतःचा कप स्वतः विसळायची.

चमनभाईनं तिच्याकडं एकच गोष्ट मागितली. "ती ओळ तेवढी नव्यात घ्या. माझं नाव कुठं नको."

"काका, नव्यात तशी जागाच नाहीये. मी पुण्याला विचारते."

तिनं खरंच विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं: या आवृत्तीत शक्य नाही. तिनं ते वाचून दाखवलं.

"बरं," चमनभाई म्हणाला.

आता हा चिडंल, म्हणून बायडाबाई फडकं हातात धरून उभी राहिली. तो चिडला नाही. तिलाही वाटलं, आपल्याला वाईट वाटायला पाहिजे. पण पाय मुंग्या येऊन बधिर झाल्यावर जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी आत झालं होतं. दुसऱ्या दिवशी चमनभाईनं जुना कॉम्प्युटर बंद केला. तीन मिनिटं लागली. घरी नेता का, असं निशिगंधानं विचारलं, तर नको म्हणाला. चित्रं काढली तिथं भिंतीवर दोन पांढरे चौकोन उरले. बायडाबाईनं तेही पुसले.

शनिवार त्याचा शेवटचा दिवस. गगनबावड्याकडनं आलेला पाऊस रात्रभर कोसळून सकाळी जरा थांबला होता. नव्या यंत्रानं कुणाला काही न विचारता कागद छापला. चमनभाईला करायला काहीच काम नव्हतं. त्यानं चष्मा पुसला, छत्री घेतली आणि उठून भंगाराकडं गेला. बायडाबाई खिडकीतनं बघत होती.

ढिगात हात घालून त्यानं एक पाइप ओढला आणि तिरपा केला. पाण्याची धार लागली.

"गुंडू, हा ढीग ऱ्हाऊ दे. शेडमधलं कोरडं घे."

क्रेनवरचा गुंडू वरनंच ओरडला, "कागद निघालाय की काका!"

"निघू दे."

कुरकुरत का होईना, गुंडूनं क्रेन शेडकडं वळवली. मग वाकून विचारलं, "आणि सोमवारी कोण सांगणार?"

"सोमवारी बी पाऊस हाय," चमनभाई म्हणाला. गुंडू क्रेनवरनं उतरला, ढिगाजवळ आला आणि त्यानं दुसरा पाइप तिरपा करून बघितला. त्यातनंही पाणी आलं.

चमनभाई नळावर गेला. कोपरापर्यंत हात धुतले, गंज लवकर निघेना म्हणून परत साबण लावला. हात रुमालाला पुसून आत आला, चहा घेतला. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर डबा पिशवीत घातला आणि पावणेसहाच्या बससाठी फाट्याकडं चालायला लागला.