तेविसावी नोंद

तार आली तेव्हा मी खामगावच्या कॉलेजात वर्गावर होतो. शिपायाने दारातूनच कागद पुढे केला. ‘कुसुम गेली लगेच या’. चार शब्द. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ‘गेली’नंतर पूर्णविराम हवा होता. माणूस गेल्याच्या बातमीत विरामचिन्हं शोधणाऱ्याला काय म्हणावं... पण ही खोड जिने लावली, तीच गेली होती. त्याला आता महिना होऊन गेला.

कुसुमताई माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन लोणारला गेली. दोन वर्षांनी नवऱ्याने तिला मेहकरला माहेरी आणून सोडलं, ‘आठ दिवसांनी न्यायला येतो’ म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही. मग ती टाइपिंग शिकली आणि पुढच्या खोलीत दोन यंत्रं मांडून बसली, एक मराठी, एक इंग्रजी. दुपारी त्या खोलीच्या भिंतीवर लिंबाची सावली हलायची, कळा तालात वाजायच्या, आणि त्या तालावर ताई सासूकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणायची. नवऱ्याविषयी ती कधी बोलली नाही. सासूच्या ओव्या मात्र तिने लोणारहून जपून आणल्या होत्या, लुगड्याच्या घडीत ठेवून आणाव्यात तशा. मी उंबऱ्याशी बसून ऐकायचो आणि मला हळूहळू पेंग यायची... पुढे त्याच पेंगेला मी संशोधन म्हणू लागलो.

राज्य नवं होतं, मराठीत प्रबंध लिहिण्याचा उत्साह नवा होता, आणि मी तर अगदीच नवा होतो. विषय घेतला मेहकरकडच्या ओव्यांचा. प्रबंधाला चार वर्षं लागली. शेवटची संदर्भसूची मी एका दुपारी उरकली. ताईने ती टाइप करायला घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“हे काय करून राह्यला बे? पुस्तक मराठी, लिहिणारा मराठी, अन् पानाले ‘पी’ काऊन? संपादकाले ‘एड’ काऊन?”

“इंग्रजी ग्रंथांत तसंच असतं, ताई.”

“मंग इंग्रजी ग्रंथायले ठेव ना तसं. आपल्यायले काऊन इंग्रजी टोपी घालतं?”

स्वल्पविराम तर मी चवीपुरते टाकले होते, जिथे हात गेला तिथे. ताईने सगळी यादी उसवली. ‘पी’चा ‘पृ.’ केला, ‘एड’चा ‘संपा.’ केला, इंग्रजी पुस्तकं वेगळ्या पानावर, दुसऱ्या यंत्रावर घेतली. आठ दिवस ती खोली नुसती टिकटिकत होती.

खरी पंचाईत शेवटच्या भागात होती. तिथे ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं यायची होती, आणि नागपूरच्या माझ्या मार्गदर्शकांचा दंडक होता : आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. माझ्या यादीत होत्या नामदेवची माय, शेवंताची आजी, पाटलाच्या मळ्यातली म्हातारी.

“एवढ्या बाया, अन् एकीलेही नाव नाही? चाल, जानेफळले जाऊ,” ताई म्हणाली.

एसटीने गेलो. बायकांनी स्वतःची नावं लाजत लाजत सांगितली, पण नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? नामदेवच्या मायने नुसतं समोरच्या देवळाकडे बोट दाखवलं. मी तत्परतेने ‘हनुमान’ असं मोठ्याने म्हणत लिहिलं. म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, “याले कोनं शिकोलं ओ माय!” सुनेला विचारलं, तर सासऱ्याचं नाव तीही घेईना. शेवटी ताईनेच हळू विचारलं, “मारोती का?” आणि म्हातारीने पदरात तोंड लपवून मान हलवली. दिवसभर आम्ही असे दारोदार नवरे ओळखत हिंडलो. परतताना ताई बसच्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता...

बावीस नोंदी झाल्या. तेविसावी तिचीच होती, कारण सासूच्या त्या ओव्या प्रबंधात होत्या. ती तिने टाइप केली, ‘कुसुम, मेहकर.’ एवढीच.

यादी नागपूरहून परत आली. सगळीकडे ठीक, फक्त तेविसाव्या नोंदीभोवती लाल गोल आणि शेजारी शेरा : ‘सर्वत्र एकच पद्धत हवी.’ प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. मी ताईपुढे कागद ठेवला आणि शहाण्यासारखा म्हणालो, “एका नोंदीपायी सगळं अडलंय, ताई. नाव तर टाकायचं आहे नुसतं.”

तिने यंत्रातलं अर्धं झालेलं पान काढून बाजूला ठेवलं.

“तुले डॉक्टर व्हायचं आहे ना?”

“हो.”

“दे मंग इकडे.”

तिने पान यंत्रात घातलं. त्या माणसाचं नाव तिने तोंडाने कधी घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी बोटांनी घेतलं. आडनाव, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. त्या दुपारी ती गुणगुणली नाही, आणि ते माझ्या ध्यानात यायला मला कित्येक वर्षं लागली. तेव्हा मी पेढे वाटण्यात गुंतलो होतो. ताईनेही पेढा खाल्ला, “गोड हाय” म्हणाली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. माफी मागावी असं मनात अनेकदा आलं, पण मी ओव्यांवरचा डॉक्टर. साध्या बोलण्यात कच्चाच राहिलो.

तेरवी झाल्यावर काकूने ताईची पेटी माझ्यापुढे सरकवली. तळाशी प्रबंधाची कार्बन प्रत होती, मीच तिला दिलेली. शेवटची पानं उघडली. तेविसाव्या नोंदीवर कागदाची एक बारीक पट्टी खळीने चिकटवलेली होती, कडेला खळ पिवळी पडलेली, म्हणजे जुनीच. पट्टीवर तिच्याच यंत्राची अक्षरं : ‘कुसुम, मेहकर.’ पूर्णविरामासकट.

ती प्रत आता माझ्या टेबलावर असते. कागद पातळ आहे. पान उजेडाकडे धरलं तर पट्टीखालचं नाव सहज वाचता येईल. मी ते पान उघडतो, तेव्हा टेबलावर सपाट ठेवूनच वाचतो.